महादेवाच्या डोंगरावर महागडी खोली





मागच्या गुरुवारी प्रार्थना झाल्यावर आपल्यातल्याच एका ताईंनी प्रश्न विचारला. त्यांचा मुलगा हैदराबादला नोकरीवर आहे. यंदा तो आईवडिलांना पचमढीला नेणार आहे. राहण्यासाठी त्यानं इंग्रजांच्या काळातल्या एका बंगल्याचं हॉटेल झालंय, तिथली खोली ठरवली आहे. दोन रात्री. भाडं ऐकून ताईंना झोप लागेना. त्या म्हणाल्या, "महादेवाले जाचं अन् असल्या खोलीत झोपाचं, हे बरं दिसते का जी?"

प्रश्न छोटा होता, पण त्यावर तासभर बोलणं झालं आणि पुढे दोन दिवस ग्रुपवर चालू राहिलं. एका काकाजींनी लिहिलं, तीर्थाला जाऊन गादी शोधणं म्हणजे भोग. एका तरुण भावानं उत्तर दिलं, जन्मभर राबलेल्या माणसानं दोन रात्री चांगल्या पलंगावर झोपू नये असं कोणत्या धर्मात लिहिलंय? दोघांचंही काही खरं आहे. म्हणून या आठवड्याच्या पत्रात आपण सगळे मिळून याचाच विचार करू.

*आपलं आणि पचमढीचं नातं*

पचमढी काही मोठं शहर नाही, पण आपल्या राज्यातलं सगळ्यात उंचावरचं नावाजलेलं गाव तेच. समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर. शेजारचा धूपगड तर सातपुड्याचं सगळ्यात उंच शिखर. आपल्याकडच्या आणि विदर्भातल्या जुन्या माणसांना मात्र ते थंड हवेचं ठिकाण म्हणून ठाऊक नव्हतं. त्यांच्यासाठी तो महादेवाचा डोंगर. भस्मासुराच्या भयानं देव जिथं लपला ते जटाशंकर, गुप्त महादेव, मोठा महादेव, आणि वर चौरागड. महाशिवरात्रीला लोक नवसाचे त्रिशूळ खांद्यावर घेऊन तेराशेच्या आसपास पायऱ्या चढतात. नागपंचमीच्या सुमाराला नागद्वारीची वाट वर्षातून एकदाच, थोड्या दिवसांसाठी उघडते. त्या वाटेवर कान देऊन ऐका, अर्ध्याहून अधिक बोलणं मराठीत चाललेलं असतं.

त्याच डोंगरावर दुसरीही एक पचमढी आहे. १८६२ साली कॅप्टन जेम्स फोर्सिथ या इंग्रज अधिकाऱ्यानं तिथं 'बायसन लॉज' बांधलं. पुढे चर्च आलं, छावणी आली, उतरत्या छपरांचे, रुंद व्हरांड्यांचे बंगले आले. मध्यप्रांताची राजधानी नागपूर. उन्हाळा तापला की सरकारचा कारभार पचमढीला हलायचा. बालाघाट जिल्हाही त्याच प्रांतात होता. म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांच्या सारा-महसुलाचे कागद ज्या साहेबांच्या सहीसाठी जायचे, ते साहेब मे महिन्यात डोंगरावर गारव्याला बसलेले असायचे आणि सारा भरणारा खाली रानात तापायचा. त्या बंगल्यांपैकी काहींची आज हॉटेलं झाली आहेत. जुनं लाकूड, उंच छत, शेकोटीची जागा, बाहेर बगीचा, पांढरीशुभ्र चादर.

एकाच डोंगराच्या या दोन पचमढी. ताईंच्या मनातली घालमेल या दोन्हींच्या मधली आहे.

*भोग म्हणणाऱ्यांचं बरोबर कुठं आहे*

काकाजींचं म्हणणं आधी नीट ऐकू. समजा, एका रात्रीचं भाडं दहा हजार आहे. मध्यप्रदेशात २०२५-२६ साठी रोजगार हमीची मजुरी दिवसाला २६१ रुपये ठरली. म्हणजे एका रात्रीची झोप म्हणजे अडतीस दिवसांची मातीखोदाई. हा हिशेब मांडला की घशात काहीतरी अडकतं, आणि अडकायलाच पाहिजे. ज्याला हा हिशेब कधी आठवतच नाही, त्याची आपल्याला काळजी वाटते.

पण या हिशेबानं पुढचा रस्ता सापडत नाही. खोली घेतली नाही म्हणून ते दहा हजार त्या मजुराच्या हातात पडत नाहीत. ते बँकेत राहतील, नाहीतर नव्या मोबाईलमध्ये जातील, आणि मोबाईल घेताना कोणी गुरुवारी उठून प्रश्न विचारत नाही. घराला मार्बल लावताना, लग्नात डीजे आणताना, पंगतीत पाच मिठाया ठेवताना आपण हा हिशेब मांडत नाही. फक्त देवाच्या वाटेवर मांडतो. मग शंका येते की आपल्याला मजुराची कणव आहे, की तीर्थाला गेल्यावर चार लोक काय म्हणतील याची धाकधूक आहे?

ग्रामगीतेच्या ४१ अध्यायांत 'गरीबी-श्रीमंती' आणि 'श्रम-संपत्ती' असे अध्याय आहेत, तसाच 'यात्रा-मेळे' हाही एक आहे. पैसा आणि यात्रा हे दोन्ही विषय महाराजांनी गावाच्या एकाच ग्रंथात घेतले. आपणही ते वेगळे काढू नयेत.

*हक्क म्हणणाऱ्यांचं बरोबर कुठं आहे*

आता तरुण भावाचं म्हणणं. ताईंचं नाव आम्ही इथं लिहीत नाही, पण त्यांच्यासारख्या शंभर जणी आपल्या तहसीलात आहेत. चाळीस पावसाळे रोवणा केलेला. पहाटे पऱ्हे उपटायचे, जुड्या बांधायच्या, मग घोटाभर चिखलात दिवसभर वाकून एकेक काडी लावत मागं मागं सरकायचं. चिन्नोरचा वास साऱ्या जगाला आवडतो. तो भात लावणारीची कंबर रात्री कशी ठणकते हे घरातल्या माणसांनाही माहीत नसतं. अशा बाईनं साठाव्या वर्षी दोन रात्री मऊ गादीवर पाठ टेकली, सकाळचा चहा दुसऱ्या कोणी हातात आणून दिला, तर त्याला भोग म्हणायला आमची तरी जीभ वळत नाही. आपल्या भाषेत त्याला विसावा म्हणतात.

आणखी एक गोष्ट. कष्ट म्हणजे पुण्य हे समीकरण आपण फार सहज धरतो. चौरागडावर जड त्रिशूळ नेणाऱ्याची श्रद्धा मोठी आहे, त्याबद्दल वाद नाही. पण "आमचा त्रिशूळ एवढ्या किलोचा", "आम्ही अनवाणी गेलो", "आम्ही उघड्यावर झोपलो" हे सांगताना आवाज जरा चढतो की नाही, ते ज्यानं त्यानं आपल्या मनाला विचारावं. महागड्या खोलीचा फोटो स्टेटसला लावणारा आणि पायाच्या फोडांचा फोटो लावणारा, दोघांनाही लोकांनी बघायला हवं आहे. एकाचा गर्व मऊ गादीवर झोपतो, दुसऱ्याचा दगडावर. झोपतात दोघांचेही गर्वच.

*मग बघायचं काय?*

भोग म्हणणारे आणि हक्क म्हणणारे, दोघंही गादीच मोजतात. एक म्हणतो ती फार मऊ आहे, दुसरा म्हणतो मऊ असली तर काय झालं. आम्हाला वाटतं, गादी राहू द्या. दाराकडे बघा. ते दार कोणाला आत घेतं आणि कोणाला बाहेर ठेवतं?

पचमढीचे बंगले कशासाठी बांधले होते, ते आठवा. गारवा तर हवाच होता, पण खालच्या गर्दीपासून, धुळीपासून, रोगराईपासून आणि खालच्या माणसांपासून लांब राहणं हाही हेतू होता. १८५७च्या उठावात तात्या टोपेंना साथ देणारे या डोंगरातले राजे भभूतसिंह. त्यांना १८६० साली जबलपूरला मृत्युदंड झाला, आणि दोनच वर्षांनी वर 'बायसन लॉज' उभं राहिलं. कोरकू आणि गोंड लोक पिढ्यान्‌पिढ्या या जंगलाचे राहणारे. बंगल्यांच्या काळात त्यांना बंगल्यात जागा मिळाली ती ओझं वाहायला, लाकडं फोडायला. त्या भिंतींचा यात दोष नाही, आणि आज तिथं राहणाऱ्याला त्या काळाचं पाप लागत नाही. पण माणसांना वेगळं ठेवायला बांधलेल्या घरात जाताना एवढं तरी भान असावं, की आपणही तेच करायला निघालो नाही ना?

ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही. दक्षिण अमेरिकेत पेरू देशात कुस्को नावाचं प्राचीन शहर आहे, इंका राजांची राजधानी. उंची सुमारे ३,४०० मीटर, म्हणजे पचमढीच्या तिप्पट. तिथं ख्रिस्ती धर्माचे विद्यार्थी जिथं शिकायचे, ती शेकडो वर्षं जुनी वास्तू आता अतिशय महागडं हॉटेल आहे. एवढ्या उंचीवर हवा विरळ, नव्या माणसाला धाप लागते, म्हणून पाहुण्यांच्या खोलीत जादा ऑक्सिजन सोडण्याची सोय आहे. अर्थात त्याचे पैसे वेगळे. जिथं त्याग शिकवायचे तिथं आता श्वाससुद्धा बिलात येतो, असं म्हणून हसायला सोपं आहे. पण ज्याला खरंच धाप लागते त्या म्हाताऱ्या पाहुण्याला ती हवा औषध आहे. तेव्हा एवढ्यावरून निवाडा करू नये.

त्याच देशातली दुसरी गोष्ट आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते. कुस्कोच्या भागातून माचू पिच्चूच्या प्राचीन अवशेषांकडे डोंगरातून पायवाट जाते. पाहुण्यांचे तंबू, भांडी, धान्य पाठीवर घेऊन स्थानिक हमाल पुढे चालतात. त्यांच्या पाठीवर वाट्टेल तेवढं ओझं टाकत असत. २००१ साली तिथल्या सरकारनं हमालांसाठी कायदा केला आणि एका माणसानं जास्तीत जास्त २० किलो उचलावं अशी मर्यादा घातली. पाहुण्यानं डोंगरात जाऊ नये, चांगलं खाऊ नये, असं त्या कायद्यात नाही. तुमच्या सोयीचं ओझं दुसऱ्याच्या पाठीवर किती पडतंय, ते तराजूत घालून बघा, एवढंच त्याचं सांगणं. धर्माचा प्रश्न एका वजनकाट्यावर आणून ठेवला. आपल्याकडचे लोक केदारनाथला जातात, पिट्ठू करतात, खेचर करतात. किती किलो लादलं, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारलं आहे?

*गाडीवाला कुठं झोपला?*

आपल्या ताईंच्या प्रवासात तो वजनकाटा कुठं ठेवायचा? आमचं उत्तर साधं आहे. गाडीवाल्याकडे बघा.

इथून पचमढीला बहुतेक मंडळी भाड्याची गाडी करून जातात. सिवनी, छिंदवाडा, तामिया, मटकुली, असा लांबचा आणि वळणावळणाचा रस्ता. चालवणारा बहुधा आपल्याच भागातला एखादा पोरगा. संध्याकाळी गाडी हॉटेलच्या फाटकात शिरते. सामान उतरतं, आपल्याला हातात सरबत मिळतं, खोली उघडून दिली जाते. आणि तो? काही हॉटेलांत ड्रायव्हरसाठी एखादी खोली असते, पुष्कळ ठिकाणी नसते. मग तो सीट मागं पाडतो, काच बोटभर खाली ठेवतो आणि अंगावर चादर ओढतो. डिसेंबर-जानेवारीत पचमढीचा पारा एक आकड्यावर उतरतो. सकाळी तोच पोरगा सुजलेल्या डोळ्यांनी आपल्याला घाटातून घेऊन जातो आणि आपण मागं बसून हर हर महादेव म्हणतो.

हे सगळं कोणी दुष्टपणानं करत नाही. त्या दाराची रचनाच तशी आहे. आत गेलं की बाहेरचं दिसत नाही. महागड्या खोलीचा खरा धोका आम्हाला इथं दिसतो. गादीनं माणूस बिघडत नाही. दार लागलं की विसर पडतो, तो विसर माणसाला बिघडवतो.

आणखी खोलात गेलं तर, ती खोली आपल्याला काय विकते? पाणी हवं, बेल वाजवा. चादर हवी, बेल वाजवा. कोणाला विनंती करायला नको, कोणाचे उपकार नकोत, कोणाकडे बघायलाही नको. याउलट नागद्वारीची वाट. पावसाचे दिवस, निसरडे दगड, लोखंडी शिड्या. मागून अनोळखी माणूस म्हणतो, "बाई, पाय इथं ठेवा." पुढचा हात देतो. नागपूरकडची सेवामंडळं जंगलात चूल मांडून येणाऱ्या-जाणाऱ्याला जेवू घालतात आणि जात विचारत नाहीत, गाव विचारत नाहीत. त्या वाटेवर देव भेटतो की नाही, हे ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर सोडू. पण आपल्याला दुसऱ्याची गरज आहे, आणि दुसऱ्याला आपली, हे तिथं पावलोपावली कळतं. यात्रेचं फळ आम्ही यालाच मानतो. पैसे देऊन आपण कष्ट टाळले तर फारसं बिघडत नाही. पैसे देऊन माणसंच टाळली, तर मात्र यात्रा घडलीच नाही.

*खोल्या बांधणारा माणूस*

या विचारात आम्हाला गाडगेबाबा आठवतात. आपल्या वऱ्हाडातलेच, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. अंगावर चिंध्या, हातात खराटा, डोक्यावर खापर. या माणसानं पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथं यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या, आणि स्वतः त्यातल्या एकाही खोलीवर मालकी सांगितली नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर ज्यांना दुसरीकडे कोणी दारात उभं करत नव्हतं त्यांच्यासाठी बांधली, आणि पुढे ती बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या हवाली केली. आजही मुंबईत दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक आसरा घेतात. आपल्या भागातून मुंबईला उपचाराला गेलेल्या घरांना विचारा, त्या शहरात डोक्यावर छप्पर मिळणं म्हणजे काय असतं.

गाडगेबाबांनी छपराला कधी भोग म्हटलं नाही. भक्तांनी उघड्यावर झोपून पुण्य कमवावं, असंही त्यांनी ठरवलं नाही. भिंती उभ्या केल्या, छत घातलं, पाण्याची सोय केली. थकलेल्या माणसाला सोय पाहिजे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आपण सोय मागताना आधी 'माझ्यासाठी' म्हणतो. त्यांनी ती आधी दुसऱ्यासाठी मागितली. बस, एवढाच फरक. पण तो पार करायला आपल्याला जन्म पुरत नाही.

*आपलं ठरलं काय?*

वंदनीय महाराजांनी आपल्याला सामुदायिक प्रार्थना दिली. तिथं सगळ्यांसाठी एकच सतरंजी असते. तहसीलदार आला तरी तिच्यावर, रोजंदारीवाला आला तरी तिच्यावर. पण गुडघे दुखणाऱ्या आजीसाठी आपण त्याच प्रार्थनेत खुर्ची आणून ठेवतो, आणि त्यानं समता मोडली असं कोणाला वाटत नाही. सतरंजी आणि खुर्ची, दोन्ही एकाच वेळी नांदू शकतात, हे आपण दर गुरुवारी डोळ्यांनी बघतो. पचमढीच्या खोलीचं उत्तर त्यातच आहे.

म्हणून बैठकीत पुढचं ठरलं:

१. मंडळाची यात्रा निघेल तेव्हा सगळे एकाच छपराखाली राहतील. ज्याच्याकडे पैसा आहे त्यानं वेगळी खोली घेण्याऐवजी सगळ्यांच्या जागेत गाद्या आणि गरम पाणी वाढवावं. पहिली गादी वृद्धांना आणि आजाऱ्यांना.

२. गाडीवाला आणि स्वयंपाकी यात्रेकरूच आहेत. त्यांच्या झोपण्याची आणि जेवणाची जागा आधी ठरेल, मग बाकीच्यांची. तो खर्च यात्रेच्या वर्गणीतच धरायचा.

३. कोणाच्या मुलानं, सुनेनं आईवडिलांना स्वतःच्या कमाईतून चांगल्या ठिकाणी ठेवलं, तर मंडळात कोणी टोमणा मारणार नाही. मुलाच्या प्रेमाला भोग म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

काही गोष्टींवर एकमत झालं नाही, तेही इथं नमूद करतो. काकाजींचं म्हणणं आजही हेच आहे की एका मर्यादेपलीकडचं भाडं, कितीही प्रेमानं भरलं तरी, जिथं शेजारी माणूस उपाशी आहे तिथं शोभत नाही. ती मर्यादा कुठं आखायची हे त्यांनाही सांगता आलं नाही, आणि त्यांचं चूक आहे असं आम्हालाही म्हणता आलं नाही. हा काटा मनात राहू द्यावा. तो पूर्ण निघाला तर माणूस निगरगट्ट होईल, आणि फार खोल रुतला तर आईच्या कमरेला विसावाही मिळणार नाही.

ताईंना मात्र आमचं एका तोंडानं सांगणं आहे. ताई, जा. खुशाल जा. मऊ गादीवर झोपा, पाठ टेका, सकाळी गरम चहा घ्या, चहा आणणाऱ्या पोराला त्याचं गाव विचारा. मुलाला सांगा, गाडीवाल्याच्या खोलीचे पैसे आधी भर. मग जटाशंकरला जा. चौरागडाच्या पायऱ्या झेपल्या तर चढा, नाही झेपल्या तर खालूनच हात जोडा. भस्मासुराच्या भीतीनं स्वतः लपलेला देव, माणसाची धाप त्याला समजते.

आणि आपण बाकीचे? पुढच्या नागपंचमीला मंडळाची गाडी नागद्वारीला न्यायचा विचार आहे. नावं द्या, पण नावासोबत एवढं लिहा की सेवेसाठी तुम्ही काय आणणार: तांदूळ, चादरी, की दोन हात. येत्या गुरुवारी प्रार्थनेनंतर यादी करू.

सर्वांना जय गुरुदेव.

— प्रार्थना मंडळ, किरनापुर 🙏